माध्यम बदलावे

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. हे मी कौतुकानं सांगत नाही. पुढचं जे सांगायचं आहे ते त्याशिवाय नीट कळणार नाही, म्हणून आधी सांगते. बार्शीला आम्ही पाच बहिणी, आणि आमची आई म्हणायची, हिला मास्तरीण करा, म्हणजे घरातला आरडाओरडा तरी कमी होईल. झालंही तसंच. मी डी.एड. झाले आणि सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं तेव्हा सोलापुरात म्युनिसिपालटीच्या एका मराठी शाळेत नोकरीला लागले.

शाळा शहराच्या पूर्व भागात होती. पूर्व भाग म्हणजे विणकरांची वस्ती. दिवसभर मागांचा खडखडाट चालायचा. खिडकीशी बसलेल्या मुलाला हाक मारायची तर दोनदा मारावी लागे. पुरुष मागावर, बायका दारात बसून बिड्या वळणार, आणि घरात बोलणं तेलुगू. माझ्या वर्गात पंचावन्न मुलं होती, त्यातली निम्म्याहून जास्त या घरांतली. चार-पाच कानडी, दोन-तीन दखनी बोलणारी, उरलेली मराठी. एकदा पहिलीचा वर्ग हातात घेतला की चौथीपर्यंत तोच वर्ग त्याच शिक्षकानं न्यायचा, अशी आमच्याकडं पद्धत होती. ती चांगली होती असं माझं अजूनही मत आहे. मूल चांगलं निघालं तर श्रेय तुमचं, आणि वाईट निघालं तर बोट दाखवायला दुसरा कोणी नसतो.

नसायला हवा, असं म्हणू या. कारण सोलापुरात एक सोय होती, ती बार्शीत नव्हती. इथं दोन गल्ल्या ओलांडल्या की वेगळ्या भाषेची शाळा. मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू, सगळ्या हाकेच्या अंतरावर. एखादं मूल दोन वर्षांत वाचायला शिकलं नाही की आम्ही त्याच्या प्रगतीपुस्तकावर लाल शाईनं लिहायचो, 'माध्यम बदलावे'. शिक्षकांच्या खोलीत कोणी म्हटलं, "माझ्याकडची एक पोरगी काही केल्या वाचत नाही हो," की बाकीचे चहाचा कप खाली न ठेवता विचारायचे, "घरात काय बोलतात?" उत्तर मिळालं की प्रश्न संपला. नाचता येईना अंगण वाकडं, त्यातली गत. पण तेव्हा मला ते अंगण खरोखरच वाकडं दिसायचं.

वर्गातली निम्मी मुलं घरी तेलुगूच बोलत होती आणि घडाघडा मराठी वाचत होती. ही गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर रोज पाच तास बसलेली असायची. ती मला दिसली नाही.

जिच्याबद्दल सांगायचं आहे ती मुलगी पहिल्या दिवसापासून माझ्या वर्गात होती. शाळेत जरा उशिराच घातलेली, त्यामुळं बाकीच्यांपेक्षा वितभर उंच. वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर, आई घरी बिड्या वळायची. पोरगी काटकुळी, दोन घट्ट वेण्या, आणि तोंड अखंड चालू. पहिलीत तेलुगू मुलांना माझं बोलणं समजायचं नाही आणि मला त्यांचं. ही न सांगता मधे येऊन उभी राहायची. "बाई, त्याच्या पोटात दुकतंय म्हनं." "बाई, ती म्हनती तिची पाटी ह्यानं फोडली, पन तिनंच फोडलीया, मी बगितलंय."

मुलांच्या आया शाळेत आल्या की मी हिलाच पुढं करायची. माझं वाक्य कितीही लांब असो, ती समोरच्या बाईला एका दमात तेलुगूत सांगायची, तिचं उत्तर मला मराठीत आणून द्यायची आणि वर स्वतःचं एखादं वाक्य फुकट जोडायची. "बाई, तिला जरा राग आलाय. तुमी लई जोरात बोलला." दोन वर्षं ती माझी दुभाषी होती. तिच्यावाचून माझं पान हलत नसे.

पाढे तिला कधी शिकवावे लागले नाहीत. कविता दोनदा कानावरून गेली की तिची झाली. गोष्ट सांगायला उभी केली तर मागांचा आवाज विसरून वर्ग ऐकत बसे. फळ्यावरचं वहीत उतरवायला सांगितलं तर इतकं रेखीव उतरवायची की मी तिची वही शेजारच्या वर्गात दाखवायला नेली होती. पण पुस्तक हातात दिलं की सगळं ओमफस्. पहिला शब्द बरोबर, दुसरा अंदाजानं, आणि तिसऱ्यापासून धडाच वेगळा. मी तोंडी सांगून लिहायला लावलं तर एका पानावर एकच शब्द तीन तऱ्हांनी, आणि तिन्ही चुकीच्या. दुसरीचं वर्ष संपत आलं तरी तिला पहिलीच्या पुस्तकातलं पान वाचता येत नव्हतं.

मी मारत असे. सगळ्यांनाच मारत असे, त्या काळी त्यात कोणाला काही वाटत नव्हतं, पालक तर स्वतः येऊन सांगायचे की बाई, हाडं आमची, कातडं तुमचं. पण तिला मी जास्त मारलं. जी पोरगी दोन भाषांत वकिलासारखी बोलते तिला चार ओळी वाचता येत नाहीत हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. मला वाटायचं ही मला बनवते आहे. ती रडायची नाही. हात पुढं करताना डोळे गच्च मिटायची, आणि मार झाला की बोटं काखेत दाबून आपल्या बस्करावर जाऊन बसायची. त्याच दुपारी कोणाची तरी आई यायची, मी हाक मारायची, आणि ती उठून माझ्या शेजारी उभी राहायची.

दुसरीच्या परीक्षेनंतर मी तिच्या आईला बोलावलं. बाई बिड्यांची टोपली कारखान्यात देऊन तशीच आली होती, अंगाला तंबाखूचा वास. तिला मराठी जवळजवळ येत नव्हतं. मी नेहमीप्रमाणं हिला मधे उभी केली.

मी म्हटलं, "सांग तुझ्या आईला. घरात तेलुगू, शाळेत मराठी, त्यानं हिच्या डोक्यात गोंधळ होतो. हिला तेलुगूच्या शाळेत घाला."

तिनं आईला सांगितलं. आई बराच वेळ बोलली.

"अम्मा म्हनतीया, तेलुगू घरात हायच की. मराठी आली तर बरं. दवाखान्यात मराठी, हापिसात मराठी. अम्माला काय बी वाचता येत न्हाय, तिला समदीकडं दुसऱ्याला इचारावं लागतंय."

"सांग तिला, आधी स्वतःची भाषा तरी नीट येऊ दे. मराठी हिला झेपायची नाही."

ती क्षणभर माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं तेही सांगितलं. कुठंही अडखळली नाही. आईनं मान खाली घातली आणि एकच शब्द बोलली, "मोद्दू". हा एक तेलुगू शब्द मला कळत होता, त्या भागात कळल्यावाचून राहायचाच नाही. मोद्दू म्हणजे मठ्ठ. मी शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज भरला, आईचा अंगठा घेतला, आणि प्रगतीपुस्तकावर लाल शाईनं ते दोन शब्द लिहिले. मराठी झेपत नाही असं जिच्याबद्दल मी लिहीत होते, तिनंच माझं मराठी तिच्या आईपर्यंत पोचवलं होतं. मला त्यात काही विचित्र वाटलं नाही. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं.

जूनपासून ती दोन गल्ल्यांपलीकडच्या तेलुगू शाळेत जाऊ लागली. वाटेत दिसली तर लांबून हसायची. आयांशी बोलायला मी दुसऱ्या एका मुलाला धरलं. तो माझी दहा वाक्यं दोन शब्दांत गुंडाळून मोकळा व्हायचा.

दिवाळीची सुट्टी होऊन महिना-दीड महिना झाला असेल. शनिवारची सकाळची शाळा सुटली होती आणि मी कपाटाला कुलूप लावत होते, तेव्हा तेलुगू शाळेतले एक गुरुजी आत आले. पन्नाशीचे, धोतर-टोपीतले, बगलेत एक वही. नमस्कार वगैरे न करता त्यांनी तिचं नाव घेऊन विचारलं, "ही पोरगी तुमीच पाठवली न्हवं आमच्याकडं?"

"हो. मीच."

"मग परत घ्या की बाई. दोन वर्षं मराठी शिकवून तुमी तिचं डोकं मराठी करून ठिवलंय. तेलुगू अक्षर काय बसंना झालंय तिला. आमी म्हनलं, पैल्यांदा जे शिकली तेच शिकू द्यावं. माध्यम बदलावं तिचं."

माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, "गुरुजी, तेलुगू तिची घरची भाषा. ती तुम्हाला शिकवता येत नाही, आणि खापर माझ्यावर?"

"आन् मराठी तुमाला शिकवता आली न्हाय, म्हून तुमी घरच्या भाषेवर फोडलं."

पाच-दहा मिनिटं आम्ही चांगले भांडलो. शिपाई झाडू घेऊन दारात येऊन उभा राहिला आणि ऐकत बसला. शेवटी गुरुजींनी वही टेबलावर उघडून ठेवली. "हे बगा. मग बोला."

मला तेलुगू वाचता येत नाही. आम्ही त्या अक्षरांना जिलब्या म्हणायचो. पण पहिलं पान बघितल्याबरोबर तिचं वळण मी ओळखलं. फळ्यावरनं उतरवलेलं पान, जिलबी न् जिलबी एका मापाची. गुरुजींनी पान उलटलं. "हे मी तोंडी सांगितलेलं." त्या पानावर खाडाखोड, अर्धी अक्षरं, काही उलट्या तोंडाची. गुरुजी बोट ठेवून दाखवू लागले. हा शब्द इथं असा, तोच इथं असा, खाली पुन्हा तिसऱ्याच तऱ्हेनं.

मी कपाट पुन्हा उघडलं. दुसरीच्या परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा अजून तिथंच होता. तिचा पेपर काढला आणि त्यांच्या वहीशेजारी ठेवला. गुरुजींना मराठी वाचता येत होतं. ते एकदा इकडं बघत, एकदा तिकडं. मग त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसत बसले.

"बाई, भाषा बदलली तरी दुखनं तितंच हाय की हो."

मी विचारलं, "डोळे?"

"दाखवले मी. म्युन्सिपालटीच्या दवाखान्यात सोता घेऊन गेलो. डोळं साफ हायती." ते जरा थांबले. "आन् बोलायला काय सांगू तुमाला! शाळेत कोन मराठी पाव्हना आला, की आमी तिलाच बोलवतो. दोनीकडचं असं सांगती..."

पुढचं मला ऐकू आलं नाही. जी दोन भाषांच्या मधे उभी राहून दोन्हीकडच्या लोकांची कामं करत होती, तिला दोन्हीकडच्या शिकल्यासवरल्या माणसांनी भाषेचं कारण सांगून दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडलं होतं. हे काय दुखणं आहे ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. त्याला नाव आहे, जगात अशी मुलं पुष्कळ आहेत, हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती. त्या शनिवारी आमच्याकडं फक्त दोन वह्या होत्या.

मी म्हटलं, "सोमवारी पाठवा तिला माझ्याकडं."

"कुटनं पाठवू? तीन आठवडं झालं, आईनं बसवलीया घरी. म्हनती, दोन शाळा झाल्या, आता बिडी शिक."

शाळेला कुलूप लावून आम्ही दोघं तसेच तिच्या घरी गेलो. एक खोली, पुढं ओटा. ओट्यावर तीन-चार बायका सुपं मांडीवर घेऊन बिड्या वळत होत्या, आणि त्यांच्यात ती बसली होती, कात्रीनं पानं कापत. मला बघून तिनं कात्री खाली ठेवली आणि उभी राहिली. सवयीनं आई आणि माझ्या मधोमध.

आईनं गोणपाट अंथरलं. वाटेत मी मनाशी वाक्यं जुळवली होती, पण बसल्यावर सरळच बोलले. "चूक माझी झाली. हिला मराठी झेपत नाही असं मी म्हणाले, ते खोटं होतं. तेलुगूचाही काही दोष नाही. हिला अक्षरं दिसतात पण डोक्यात टिकत नाहीत, का ते आम्हाला ठाऊक नाही. पण ही मोद्दू नाही."

मी थांबले. ती खाली ठेवलेल्या कात्रीकडं बघत होती. मी म्हटलं, "सांग की अम्माला." तिनं मान हलवली, नाही म्हणून. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिनं माझं बोलणं पुढं नेलं नाही. शेवटी गुरुजींनी सांगितलं, आणि स्वतःचंही त्यात घातलं असावं, कारण बोलताना त्यांनी दोन वेळा आपल्या छातीला हात लावला.

ओट्यावरच्या बायकांचे हात थांबले होते. आईचे थांबले नाहीत. हातातली बिडी वळून, तोंड मुडपून, तिनं सुपात ठेवली आणि मग बोलली. गुरुजींना ते मला सांगायला अवघड गेलं.

"त्या म्हनत्यात, आमच्या बिड्या कारखान्यात तपासून घेत्यात. वाईट निघाली की आमच्या देखत बाजूला काढत्यात. तुमचं कोन तपासतं?"

लाज वाटली आणि त्याहून जास्त, त्या बाईचा हेवा वाटला, की हिला एवढं नेमकं कसं बोलता येतं.

मग तिनं दुसरं विचारलं. मी परत नेलं तर पोरीला वाचता येईल का? खोटं बोलायचा मोह झाला. गुरुजीही माझ्याकडं बघत होते, की बाई, हो म्हणा. मी म्हटलं, "माहीत नाही. येईल असं वाटतं. पण शब्द देत नाही."

आई लेकीकडं हनुवटी करून काहीतरी म्हणाली. तिलाच विचारा, असं असावं. मी तिच्याकडं वळले. "येशील का?"

तिनं विचारलं, "मला येत नव्हतं हे खरं असंल, तर मग मारलं कशाला?"

हे तिनं भांडून विचारलं नाही. दुकानात भाव विचारावा तसं विचारलं. मी म्हणाले, "मला कळलं नाही म्हणून."

तिनं विचार केला. म्हणाली, "मारनार नसला तर येते." "नाही मारणार," मी शब्द दिला. मग तिनं पुन्हा बसून कात्री हातात घेतली, कारण पानं कापायची राहिली होती.

आईनं चौथीपर्यंतची मुदत दिली. चौथीत नापास झाली तर परत सूप.

हेडमास्तर भडकले. "ही काय एस.टी. स्टँड आहे का, आज इथून उतरली उद्या तिथून चढली?" पण त्या वर्षी आमचा पट घसरला होता आणि डोकी मोजायला येणारे साहेब यायचे होते, त्यामुळं त्यांनी सही केली. अशा रीतीनं ती तिसरीत माझ्या वर्गात, आपल्या जुन्या जागेवर येऊन बसली.

शिकवलं कसं, हे सांगण्यासारखं फार नाही. मला येत काहीच नव्हतं. गुरुजींनी एक जुना पत्र्याचा ट्रे दिला. त्यात वाळू पसरून ती एकेक अक्षर बोटानं मोठं गिरवायची आणि गिरवताना मोठ्यानं म्हणायची. लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यात मी एक खिडकी कापली होती, एक शब्द मावेल एवढी. तो पुठ्ठा ओळीवरून सरकवत ती वाचायची, म्हणजे बाकीचे शब्द मधे यायचे नाहीत. मधली सुट्टी अर्ध्या तासाची, त्यातली पंधरा-वीस मिनिटं. रोज जमायचं असंही नाही. पंचावन्न मुलांत कोणाचं डोकं फुटायचं, कोणाची चप्पल हरवायची. कधी एक अक्षर सोमवारी आलं की गुरुवारी गेलेलं असायचं, आणि मी पुस्तक टेबलावर आपटायची. ती पुठ्ठा मिटून शांत बसायची, माझं होईपर्यंत. हात मात्र मी उचलला नाही. शब्द दिला होता.

प्रश्नांची उत्तरं तिच्याकडून मी तोंडी घेऊ लागले. परीक्षेत ते चालत नसे, म्हणून मी दुसरी युक्ती केली. प्रश्नपत्रिका वाटल्यावर सगळ्या वर्गाला सगळे प्रश्न मोठ्यानं, सावकाश, दोनदा वाचून दाखवायचे. सूचना देऊ नयेत असा नियम कुठं नव्हता. हेडमास्तर दारात येऊन ऐकून गेले, बोलले काही नाहीत. चौथी ती पास झाली. गणितात वर्गात दुसरी, मराठीत काठावर. तोवर ती वाचू लागली होती. ओढ्यातल्या दगडांवरून पाय ठेवत जावं तसं वाचायची, एकेक शब्द चाचपून. बाकीच्यांना दहा मिनिटं लागत तिथं हिला पाऊण तास. पण ते वाचन होतं, पाठांतर नव्हतं. तो फरक तोवर मला कळायला लागला होता.

कळायला लागला होता असं मला वाटत होतं. चौथीच्याच वर्षातली, श्रावणातली गोष्ट. तिच्या शेजारच्या बस्करावर एक मुलगी बसायची. घरची मराठी, वडील कोर्टात कारकून, नीटनेटकी, अबोल. मी तिला पहिलीपासून आळशी म्हणत आले होते. त्या दिवशी मी तिला धडा वाचायला उभं केलं आणि ती नुसतीच उभी राहिली. सकाळपासून माझं डोकं तापलेलंच होतं. मी एकीला न मारण्याचा शब्द दिला होता, चोपन्न जणांना दिला नव्हता. मी छडी उचलली.

"बाई, मारू नका तिला."

माझी दुभाषी उभी राहिली होती, माझ्या आणि त्या मुलीच्या मधे, आयांच्या वेळी उभी राहायची तशी.

"तिलाबी वाचता येत न्हाय. मी हळूच म्हनते, ते ऐकून ती म्हनती. आज मीच चुकले, म्हून ती गप ऱ्हायली."

मी त्या दुसऱ्या मुलीकडं बघितलं. ती पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडत होती. सव्वातीन वर्षं ती माझ्यासमोर बसत होती, आणि तिच्या घरात मराठी बोलत असल्यामुळं तिच्याबद्दल मला कधी प्रश्नच पडला नव्हता. जिला अक्षर न् अक्षर चाचपावं लागत होतं ती हिला वाचून दाखवत होती.

मी छडी टेबलावर ठेवली. "तुला हे कधीपासून माहीत आहे?"

"पैलीपासनं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

तिनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की एवढंही कळत नाही का बाईंना.

"सांगितलं असतं तर तिलाबी तेलुगूच्या शाळेत घातलं असतं की तुमी."

सगळा वर्ग हसला. ती दुसरी मुलगीही हसली. मी खुर्चीवर बसले, आणि दोघींना मधल्या सुट्टीत थांबायला सांगितलं.